मनगटात नस काहून दबते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हाताले मुंग्या येतात यावर व्हॉट्सअपवर, ओपीडीत अन् बचत गटाच्या मीटिंगमध्ये तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून एका जागी लिहून टाकले. प्रश्न लोकांच्याच बोलीत ठेवले, फक्त नावं-गावं काढली. मी फिजिओथेरपी करते, यवतमाळ-वर्धा पट्ट्यात, त्यामुळे उदाहरणं वावरातलीच येतील. भर कारणांवर आहे, इलाजाचं जिथे लागलं तिथेच बोलले.

१. ताई, मनगटात नस दबली म्हणजे नेमकं काय झालं?

तळहात सुरू होते तिथे मनगटाच्या आठ छोट्या हाडांची एक नाली बनते अन् तिच्यावरून एक जाड पट्टा आडवा जाते, जो जवळजवळ ताणतच नाही. या बोगद्याला कार्पल टनल म्हणतात. आतून बोटं वाकवणारे नऊ टेंडन (मांसाला हाडाशी जोडणारे दोर) जातात अन् त्यांच्याच सोबत एक नस जाते, मीडियन नर्व्ह. ही रक्ताची नस नाही बरं, बोटांची जाणीव मेंदूपर्यंत नेणारी अन् अंगठ्याला ताकद देणारी नस आहे. बोअरच्या केसिंगमध्ये पाइप, दोर अन् मोटरची केबल सोबत उतरवली अन् जागा कमी पडली तर चेंगरते केबलच, तसं इथे होते.

चांगल्या मनगटात बोगद्यातला दाब साधारण २ ते १० मिलिमीटर पारा राहते, हे दुखणं असलेल्या माणसात तो ३० च्या आसपास किंवा वर जाते, अन् मनगट पूर्ण वाकवलं की आणखी चढते. दाबानं पहिले नसेचा रक्तपुरवठा कमी होते म्हणून मुंग्या येतात, तसाच दाब बरेच महिने राहिला की नसेवरचं आवरण खराब होते, अन् त्याच्याही पुढे गेलं तर आतले धागेच मरतात.

कारण कोणतंही असो, ते तीन पैकी एका खात्यात जाते. बोगदा लहान झाला, आतला माल फुगला, नाहीतर नसच आधीपासून कमजोर होती. पुढे वाचताना हे तीन खाते डोक्यात ठेवा.

२. माह्या पूऱ्या हाताले मुंग्या येतात, मंग मनगटाचीच नस दबली म्हनाची का?

"पूरा हात" असं दहापैकी नऊ जण सांगतात, पण नीट पाहिलं की निघते वेगळंच. रात्री जाग आली की लाइट लावा अन् एकेक बोट चिमटून पाहा. अंगठा, त्याच्या जवळचं बोट, मधलं बोट अन् करंगळीजवळच्या बोटाची अंगठ्याकडची अर्धी बाजू, एवढंच बधिर असेल अन् करंगळी चांगली असेल तर मनगटाचा संशय पक्का होते. तळहाताच्या मधली चामडी सहसा चांगली राहते कारण तिच्याकडे जाणारी नसेची फांदी बोगद्याच्या आतून न जाता वरून जाते. आता खरंच काही जणांना पूरा हात जड वाटते अन् दुखणं कोपरापर्यंत, कधी खांद्यापर्यंतही चढते, तरी नस मनगटातच दबलेली असू शकते. म्हणून बोटं मोजा, दुखणं किती वर चढलं यावर जाऊ नका.

घरी एक करून पाहता येते. दोन्ही हातांच्या मागच्या बाजू एकमेकाला टेकवा, बोटं खाली, मनगटं वाकलेली, अन् एक मिनिट तसेच राहा. वर सांगितलेल्याच बोटांत मुंग्या आल्या तर डॉक्टरला दाखवायला लायक गोष्ट आहे. एवढ्यावरून निदान होत नाही अन् मुंग्या आल्या नाही म्हणून सुटलो असंही नाही.

करंगळी बधिर असेल तर सरळ प्रश्न ११ वर जा. तळपायालाही मुंग्या असतील तर ८ अन् १६.

३. दिवसा काही नाही, रात्री दोन वाजताच काहून उठवते?

झोपेत आपण हात उशीखाली, गालाखाली, मनगट दुमडून ठेवतो अन् तासनतास तसाच राहतो. दिवसभर उभं राहून पायात उतरलेलं पाणी आडवं झालं की अंगभर पसरते, हातातही येते, अन् हात हलत नाही म्हणून निचरा होत नाही. दोन्ही मिळून दाब वाढते. उठून हात झटकला की बरं वाटते, हे झटकणं इतकं ठरलेलं लक्षण आहे की आम्ही सगळ्यात पहिले तेच विचारतो. ज्याला झटकून काहीच फरक पडत नाही त्याचं दुसरं काही असण्याची शक्यता जास्त.

म्हणूनच सुरुवातीच्या दुखण्यात रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा देतात, सरळ म्हणजे सरळ, मागे ताणलेला नाही. अन् हो, हा "गॅस" नाही, ओवा खाऊन जाणार नाही.

४. डॉक्टर म्हणले कारन काहीच नाही, असंच होते. असं कसं बाप्पा?

खरं आहे ते. बहुतेक पेशंटमध्ये बोट ठेवता येईल असं एकच कारण सापडतच नाही. सापडतात त्या थोड्या थोड्या गोष्टी: बोगदा जन्मानंच जरा अरुंद, वय चाळीस ते साठ, बाईमाणूस, वजन जास्त, घरात आईला नाहीतर मावशीला हेच, अन् वरून हाताचं काम. एकेकटी गोष्ट काही करत नाही, पण चार-पाच जमल्या की बोगद्यातली शिल्लक जागा संपते. वजनाचं लोकांना पटत नाही, पण लठ्ठ माणसात जोखीम साधारण दुप्पट धरतात.

"कारण नाही" ऐकून लोक नाराज होतात अन् मंग कोणीतरी "वात" नाहीतर "कमजोरी" सांगते ते पटते. पण डॉक्टरनं शुगर, थायरॉइड, सांधे, हाडाची जुनी मोड हे सगळं पाहून मंग "कारण नाही" म्हटलं असेल तर चांगलीच बातमी आहे. न पाहताच म्हटलं असेल तर ८, १२, १३ अन् १४ वाचून परत जा.

५. कापूस वेचून अन् निंदून निंदून हे होते का?

होऊ शकते, पण सगळा दोष कामावर टाकू नका. एकाच वावरात एकाच ओळीत वेचणाऱ्या बायांपैकी एखाद्या-दुसरीलाच होते, कारण बाकीचा जमाखर्च (प्रश्न ४) प्रत्येकीचा वेगळा.

कामातल्या चार गोष्टी नसेला बाधतात. मूठ जोरात आवळणं, तीच हालचाल पुन्हा पुन्हा करणं, वाकलेल्या मनगटानं काम करणं, अन् थरथर. यातल्या दोन-तीन सोबत आल्या की धोका खरा वाढते, नुसतं हलकं काम पुन्हा पुन्हा केलं तर तेवढा नाही. आता हे लावून पाहा. कापूस वेचणं हलकं आहे, पण बोंडातून ओढताना बोटांची चिमूट अन् मनगट तिरपं, अन् दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेपर्यंत रोज. निंदणात खुरप्याची मूठ बारीक, ती आवळून धरावी लागते, अन् ओली काळी माती असली की जोर दुप्पट. सोयाबीन सोंगताना एका हातानं मुठी धरायच्या, दुसऱ्यानं विळ्याचा झटका मारायचा, त्यात विळ्याला धार नसली की सगळा भार मनगटावर. भंडारा-गोंदियाकडे रोवणीत बोटं चिखलात खुपसत राहायची, अन् तिकडेच बिडी वळणाऱ्या बायांची बोटं तर दिवसभर थांबतच नाहीत. दोन-तीन म्हशींचं दूध हातानं काढणारे भाऊ सगळे विसरतात, पण आवळणं अन् सोडणं याच्याएवढं क्वचितच कोणत्या कामात असेल. थरथरीत ग्रायंडर, ब्रेकर, चेनसॉ अन् पॉवर टिलर येतात.

काम बाधून राहिलं का हे ओळखायची एक साधी खूण आहे. हंगामात मुंग्या वाढतात अन् उन्हाळ्यात वावर रिकामं झालं की कमी होतात, तर कामाचा वाटा मोठा. बाराही महिने सारख्याच असतील, वर दुसऱ्या हातालाही असतील, तर अंगातलं काही शोधावं लागेल.

खुरप्याच्या मुठीवर जुन्या ट्यूबचं रबर नाहीतर कापड गुंडाळून ती जाड केली की कमी आवळावं लागते. विळ्याला धार लावून ठेवा. निंदताना मधून मधून हात बदला, सुरुवातीला डावा हात चालत नाही, पण आठवड्यात जमते. काम सोडा असं मी कोणाला सांगत नाही, मजुरी बुडाली तर मनगटाचं काय करता.

६. फवारल्यावर हाताले मुंग्या येतात, ते औषधानं का पंपानं?

दोन्हीनं होते, अन् दोन्ही वेगळं आहे. पाठीवरच्या पंपाचा दांडा एका हातानं सारखा वरखाली करावा लागते अन् दुसऱ्या हातात नळीचा खटका दाबून धरलेला, तर ते मूठ आवळण्याचं काम झालं, प्रश्न ५ सारखं. त्याच्या मुंग्या प्रश्न २ मधल्या बोटांत येतात अन् फवारणी झाल्यावरही रात्री जाणवतात.

औषधाच्या मुंग्या वेगळ्या. पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक चामडीवर पडलं की तिथे जळजळ, टोचणं, चुणचुण होते, चेहऱ्यावर जास्त, अन् बहुतेक करून एका दिवसात जाते. ती जिथे उडालं तिथे होते, बोटांचा हिशोब पाळत नाही. साबणानं धुवा अन् पुढच्या वेळी हातमोजे घाला. ऑर्गनोफॉस्फेट जातीच्या काही औषधांची जबर विषबाधा झाली तर दोन-तीन आठवड्यांनी पायापासून सुरू होणारी बधिरता अन् कमजोरी येऊ शकते, ती मनगटाची नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं बसली हे इथे कोणाला सांगायची गरज नाही. फवारताना घाम, उलटी, लाळ, धूसर दिसणं, डोळ्याची बाहुली बारीक होणं, छाती भरणं, यातलं काहीही झालं तर मुंग्यांचा विचार सोडा अन् बाटली सोबत घेऊन सरळ सरकारी दवाखाना.

७. बायांनाच काहून जास्त? अन् पोटुशी असताना झालं तर बाळाले काही होईन का?

बायांमध्ये पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट दिसते. मनगट लहान हे एक कारण, हार्मोनचा चढउतार हे दुसरं, म्हणून पाळी जायच्या वयात पुन्हा वाढते. वावरातल्या कामावर पीठ मळणं, कपडे पिळणं, पाणी भरणं हे वरून, अन् ते कोणी काम म्हणून मोजतही नाही.

गरोदरपणात अंगात पाणी साठते, बोगद्यातला माल फुगते, म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत मुंग्या येतात. बाळाला याचा काही त्रास नाही. बहुतेक जणींचं बाळंतपणानंतर काही आठवडे-महिन्यांत जाते, काहींना अंगावर पाजते तोपर्यंत राहते. रात्रीचा पट्टा पुरते. पण हातासोबत तोंडही सुजलं, डोकं ठणकून राहिलं, डोळ्यासमोर अंधारी येते, तर त्याच दिवशी बीपी मोजा, ती वेगळी अन् घाईची गोष्ट आहे. बाळ झाल्यावर अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला दुखते, बाळाला उचलताना कळ येते अन् मुंग्या नाहीत, तर नस नाही, तिथल्या टेंडनचं आवरण सुजलं आहे.

८. शुगरचा अन् थायरॉइडचा मनगटाशी काय संबंध?

शुगरमध्ये दोन खाते सोबत भरतात. नस आधीच कमजोर झालेली, अन् टेंडन अन् त्यांच्या भोवतीचं कडक झालेलं. म्हणून शुगरवाल्याला तेवढ्याच दाबात जास्त त्रास होते. त्यात तळपाय जळणं किंवा बधिर होणं असेल तर ती शुगरची पसरलेली नसबाधा, ती पायातून सुरू होते अन् दोन्हीकडे सारखी राहते. दोन्ही एकाच माणसात असू शकतात, अन् मनगटाचं वेगळं ओळखलं तर त्याचा इलाज होते.

थायरॉइड कमी पडलं की अंगातल्या मऊ भागात पाणी धरते, बोगद्यात सुद्धा. वजन वाढणं, थंडी वाजणं, सुस्ती, बद्धकोष्ठ, केस गळणं अन् दोन्ही हातांना मुंग्या असं सोबत असेल तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासा. गोळी सुरू झाली की पुष्कळांच्या मुंग्या कमी होतात. मी तर सांगते, दोन्ही हातांना असेल तर शुगर अन् टीएसएच केल्याशिवाय मनगटाला हातच लावू नका.

९. पोरगा पुण्याले कॉम्प्युटरवर असते, त्याच्या हाताले मुंग्या. माउसनं झालं का? मोबाइलनं होते का?

कीबोर्डचा पुरावा लोक समजतात तेवढा पक्का नाही, खुरपं अन् ग्रायंडरचा जास्त पक्का आहे. टेबलाच्या कडेवर मनगट टेकवून तासनतास बसत असेल तर ते बदलायला सांगा, अन् मान-खांद्याचंही पाहा (प्रश्न १५). मोबाइल कानाला लावून किंवा कोपर दुमडून पडल्या पडल्या पाहत असेल तर बहुधा करंगळीचं दुखणं निघेल (प्रश्न ११).

१०. घट्ट बांगड्या, घड्याळ, गंडा यानं नस दबते का?

दबते, पण दुसरी. अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर, चामडीच्या लगेच खाली एक फांदी जाते, रेडियल नसेची. घट्ट घड्याळ, कडं, सुजलेल्या हातातला लग्नाचा चुडा, गच्च बांधलेला गंडा यानं ती दाबली गेली की अंगठ्याच्या मागच्या बाजूला अन् हाताच्या पाठीवर जळजळ, बधिरपणा येते. ती फक्त जाणिवेची आहे म्हणून ताकद जात नाही. बेड्या घातलेल्या लोकांतही हेच दिसते. दाबणारी वस्तू काढली की हळूहळू जाते, कधी काही महिने लागतात. गंडा उतरवायचा नसेल तर ढिला करून बांधा.

११. माही करंगळी अन् तिच्या जवळचं बोट बधिर होते. हे पण तेच का?

नाही. ही अल्नर नस आहे, अन् ती बोगद्यातून जातच नाही. तिचा मनगटातला रस्ता वेगळा, करंगळीच्या बाजूनं, गियॉन कॅनाल म्हणतात. तिथे दाबायची कारणं: सायकलच्या हँडलवर तळहाताचा भार देऊन लांब जाणं, तळहातानं ठोकायची सवय (पाना बसवताना मेकॅनिक लोक करतात), नाहीतर तिथली गाठ.

पण खरं सांगायचं तर करंगळीवाले बहुतेक जण कोपराचे निघतात. कोपराच्या आतल्या हाडाला ठोसा लागला की झिणझिणी जाते ना, तीच नस. कोपर दुमडून झोपणं, ट्रॅक्टरच्या खिडकीवर नाहीतर ओट्यावर कोपर टेकवून बसणं, लहानपणी कोपर मोडून वाकडं जुळलेलं असणं. फरक असा करतात की करंगळीची हाताच्या पाठीकडची बाजूही बधिर असेल तर नस कोपराकडे दबली, ती चांगली असेल तर मनगटात. अन् विदर्भात करंगळी बधिर म्हटलं की प्रश्न १४ वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही.

१२. मनगट मोडलं होतं, हाड जुळलं पन मुंग्या राह्यल्या. अन् पट्टी बांधनाऱ्याकडं गेलो तर चालते का?

तळहातावर पडून मनगट मोडणं हे नस दबण्याचं सगळ्यात जुनं माहीत असलेलं कारण आहे, जेम्स पेजेट या इंग्रज सर्जननं १८५४ मध्ये असाच पेशंट लिहून ठेवला. हाड सरकलं की बोगद्याचा आकारच बदलते, वाकडं जुळलं तर कायमचा. काही जणांना मोड बरी झाल्यावर कित्येक वर्षांनी त्रास सुरू होते, तोपर्यंत ते पडल्याचं विसरूनही जातात, म्हणून डॉक्टर विचारत नसेल तरी जुनी मोड स्वतःहून सांगा.

घाईची गोष्ट ही की मोड झाल्यावर किंवा प्लास्टर लागल्यावर काही तासांत बोटं बधिर होत चालली, दुखणं गोळीनं थांबत नाही, बोट सरळ केलं की जीव जाते, तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच्या रात्री दवाखान्यात जाऊन प्लास्टर कापून घ्या. इथे नस काही तासांत मरू शकते. पट्टी बांधणाऱ्याच्या कामट्या गच्च बसल्या अन् बोटं काळी-निळी झाली अशी पोरं मी पाहिली आहेत, एक्सरे न काढता कोणीही गच्च बांधू नये, मग तो कोणीही असो.

साप चावल्यावर वरून दोरी आवळतात तेही याच खात्यात. विष थांबत नाही, उलट सुजलेल्या हातात नस अन् रक्त दोन्ही अडतात. दोरी न बांधता हात न हलवता दवाखाना.

१३. मनगटावर सूज नाहीतर गाठ आहे, तिच्यानं होऊन राहिलं का?

गाठ कोणती त्यावर आहे. मनगटाच्या पाठीवरची रबरासारखी गाठ (गँग्लियॉन) बहुतेक वेळा निरुपद्रवी अन् बोगद्यापासून लांब. समोरच्या बाजूनं, बोगद्यात किंवा त्याच्या तोंडाशी गाठ असली तर दाबते.

मनगटाच्या वर एक फुगवटा अन् खाली तळहातात एक, वरचा दाबला की खालचा फुगते, अशी हळूहळू वाढलेली अन् फारशी न दुखणारी सूज असेल तर टीबीचा विचार करावा लागते. टेंडनच्या आवरणाला टीबी होते हे लोकांना माहीतच नसते, खोकला नाही तर टीबी कसा म्हणतात. ऑपरेशनमध्ये आतून तांदळाच्या कणीसारखे पांढरे दाणे निघतात. टीबीची औषधं सरकारीत फुकट आहेत.

दोन्ही मनगटं सुजलेली, सकाळी उठल्यावर तासभर मूठ वळत नाही, असं असेल तर संधिवात, आमवातवाला. चिकनगुनिया होऊन गेल्यावरही मनगटाच्या टेंडनची सूज महिनोन्महिने राहते अन् नस दाबते, त्यात पेशंटला वाटते ताप तर गेला मंग हे काय नवीन. युरिक ॲसिडच्या गाठींनी पण होते, कमी.

१४. हात बधिर म्हनजे महारोग तर नाही ना?

हा प्रश्न लोक मेसेज करून मंग डिलीट करतात, म्हणून मोकळं लिहिते. बहुतेक वेळा नाही. पण आपल्या भागात, खास करून चंद्रपूर-गडचिरोली-भंडाऱ्याकडे, डॉक्टरनं अन् पेशंटनं दोघांनी हा विचार केलाच पाहिजे.

कुष्ठरोगाचे जंतू नसेतच राहतात. नस सुजून जाड होते, अन् अरुंद जागी आली की दबते, म्हणजे आतला माल फुगला अन् नस खराबही झाली. सगळ्यात जास्त कोपरामागची अल्नर नस धरते, मीडियन नस धरली तर मनगटाच्या जरा वर. फरकाच्या खुणा: चामडीवर फिका किंवा लालसर चट्टा ज्याच्यावर टोचलं तर कळत नाही, चुलीवर नाहीतर तव्यावर हात भाजला अन् दुखलंच नाही, कोपरामागे दोरीसारखी जाड नस लागते, मुंग्या कमी अन् सुन्नपणा जास्त, झटकून फरक नाही. कधी चट्टा नसतोच, फक्त नस धरलेली असते, अन् तिथेच चुकामूक होऊन "कार्पल टनल" म्हणून ऑपरेशन होऊन जाते.

औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, ६ ते १२ महिने घ्यावं लागते, अन् सुरू झालं की संसर्ग लवकरच थांबते. औषध चालू असताना अचानक नस दुखायला लागली किंवा बोटं उचलेनाशी झाली तर दुसऱ्याच दिवशी दाखवा, वेळेत स्टेरॉइड दिलं तर हात वाचते. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरोग्यांसाठी काम उभं आहे, वरोऱ्याचं आनंदवन अन् अमरावतीचं तपोवन सगळ्यांना माहीत आहे, तरी आजही माणूस बोट वाकडं होईपर्यंत लपवते याचं मला जास्त दुःख होते.

१५. मानेची नस का मनगटाची, कसं समजाचं?

मानेची असेल तर मान मागे किंवा बाजूला नेली की कळ दंडातून खाली उतरते, रात्री झटकून जात नाही. मनगटाची असेल तर मान हलवून काही होत नाही. घोळ असा की मानेतल्या सहाव्या-सातव्या मणक्याच्या नसेच्या मुंग्या पण अंगठा अन् मधल्या बोटातच येतात. अन् पन्नाशीनंतर मानेचा एमआरआय काढला तर काही ना काही निघतेच, त्या रिपोर्टवर विसंबून मनगट न तपासलेले पेशंट पुष्कळ येतात.

१६. मेडिकलवाल्यानं ताकदीच्या गोळ्या देल्या, बी-१२ च्या. त्यानं दबलेली नस सुटते का?

बी-१२ खरंच कमी असेल तर सुटेल काय, ते दुखणंच वेगळं होतं. शाकाहारी माणूस, जीभ लाल, थकवा, अन् मुंग्या पहिले पायात, असं असेल तर तपासून घ्या, सापडलं तर इलाज सोपा आहे. बोगद्यातल्या दाबावर त्या गोळीचा उपयोग नाही. बी-६ तर मोठ्या डोसमध्ये बरेच महिने घेतलं तर स्वतःच नसा खराब करते, म्हणजे मुंग्यांसाठी घेतलेल्या गोळीनं मुंग्या. पट्टीभर गोळ्या आणून वर्षभर खात बसू नका.

१७. डायलिसिसवाल्याले, म्हाताऱ्या माणसाले दोन्ही हाताले होते, त्याचं काय?

बरीच वर्षं डायलिसिस चालू असेल तर एक प्रथिन अंगात साठते, बोगद्यातही साठते, त्याला अमिलॉइड म्हणतात. दुसरा एक अमिलॉइड म्हातारपणी पुरुषांत दिसते, दोन्ही मनगटं पहिले अन् बऱ्याच वर्षांनी हृदय. साठीच्या पुढचे बाबा, दोन्ही हातांचं ऑपरेशन झालेलं, आता चढताना दम लागते, पायावर सूज, तर हृदयाच्या डॉक्टरला मनगटाचीही गोष्ट सांगा. हे कमी दिसते, पण सांगितलं नाही तर कोणी जोडत नाही.

१८. आईले होतं, मले झालं, आता पोरीले होईन का? लहान पोराले होते का?

घराण्यात चालते हे खरं, मनगटाची ठेवण वारशानं येते. होईलच असं नाही. लहान पोरात फार क्वचित, अन् झालंच तर साधं समजायचं नाही, अंगात नको ते साठत जाण्याचे काही जन्मजात आजार असतात, बालरोगतज्ज्ञाला दाखवा. लहान पोरं मुंग्या सांगत नाहीत, हात चावतात नाहीतर बारीक वस्तू धरायचं टाळतात.

१९. मुंग्या आपोआप थांबल्या, पन आता सुई धरता येत नाही. बरं झालं ना?

नाही हो, उलट झालं. मुंग्या येतात तोपर्यंत नस जिवंत आहे अन् ओरडून राहिली, मुंग्या जाऊन सुन्न झालं म्हणजे धागे मरून राहिले. अंगठ्याच्या मुळाशी जो मांसल उंचवटा आहे तो दुसऱ्या हाताशी लावून पाहा, सपाट झाला असेल, बटण लावता येत नसेल, कप सुटत असेल, तर आता रात्रीच्या पट्ट्यानं भागणार नाही, ऑपरेशनचं विचारा. त्यात बोगद्यावरचा तो आडवा पट्टा (प्रश्न १) कापून बोगदा मोकळा करतात, बहुतेक जागा बधिर करूनच होते. वाळलेलं मांस पूर्ण भरून येईलच याची खात्री कोणी देणार नाही.

२०. ऑपरेशन केलं तरी मुंग्या आहेत, काहून?

पट्टा पूर्ण कापला गेला नाही, आत चिकटून जखमेची गाठ बसली, नस आधीच फार मेली होती, शुगर-थायरॉइड तसंच राहिलं, किंवा मुळात नस दुसरीकडेच दबली होती (११, १४, १५). पहिले काही दिवस तरी फरक पडला होता का, हे आठवून सांगा. अजिबात पडला नसेल तर निदान पुन्हा तपासावं लागते. पडून परत आलं असेल तर जखमेची गाठ किंवा सूज शोधतात.

२१. नसेची करंट लावून तपासनी केली, रिपोर्ट नॉर्मल. पन मुंग्या तर हायेत!

ती तपासणी, एनसीव्ही, नसेतून करंट किती वेगानं जाते ते मोजते. सुरुवातीच्या दुखण्यात नस दबते अन् सुटते, त्या वेळी वेग चांगलाच राहते, म्हणून काही जणांचा रिपोर्ट नॉर्मल येते तरी दुखणं खरं असते. अन् बिघडलेला आला तरी तो "कुठे दबली" एवढंच सांगते, "काहून दबली" ते नाही. त्यासाठी शुगर, टीएसएच, सांध्यांची तपासणी, जुन्या मोडीचा एक्सरे, अन् गाठीचा संशय असेल तर मनगटाची सोनोग्राफी, तिच्यात सुजलेली नस दिसतेही. सेवाग्राम, सावंगी, नागपूर मेडिकल, यवतमाळ मेडिकल अशा मोठ्या दवाखान्यांत हे एका छताखाली होते. जाताना कोणत्या बोटाला, किती वाजता, झटकून जाते का, अन् हंगामात वाढते का, एवढं कागदावर लिहून न्या, अन् चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नावं आठवत बसण्यात नंबर निघून जाते.